एका गेमसाठी नवा कन्सोल घ्यावा का? ‘एक्सक्लुझिव्ह’चा पन्नास वर्षांचा हिशेब



आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानात व्हिडिओ गेमचं काय काम. पण प्रश्न नीट ऐका, तो बाजाराइतकाच जुना आहे. मला एक वस्तू हवी आहे. ती वापरता यावी म्हणून आधी दुसरी वस्तू घ्यावी लागते, आणि ती दुसरी वस्तू पहिलीपेक्षा दहा-अकरा पट महाग आहे. घ्यावी का?

आकडेच सांगतो. सोनीचा प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती. २०२२ च्या अखेरीस ती ५४,९९० झाली. त्यावर सोनीचा मोठा गेम नवा घ्यायचा तर तेव्हा ४,९९९ रुपये लागायचे. म्हणजे घरात हे यंत्र नाही आणि मला एकच गेम खेळायचाय, तर त्या एका गेमची खरी किंमत साठ हजाराला अकरा रुपये कमी, इतकी पडते.

पुस्तक कोणत्याही दिव्याखाली वाचता येतं. गाण्याची सीडी कोणत्याही कंपनीच्या प्लेअरवर वाजत असे. गेमचं तसं नाही. काही गेम एकाच कंपनीच्या यंत्रावर चालतात, आणि त्यांनाच ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणतात. जाहिरातीत शब्द असतात ‘फक्त इथेच’. आज मला या दोन शब्दांचा इतिहास सांगायचाय, कारण गेल्या पन्नास वर्षांत त्यांचा अर्थ सारखा बदलत गेला, आणि गिऱ्हाईक मात्र दर वेळी जुनाच अर्थ धरून पैसे मोजत राहिलं.

सुरुवात करू १९७२ पासून. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेतून मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हा घरगुती टीव्हीला जोडायचा पहिला कन्सोल निघाला. त्यात सगळे खेळ यंत्राच्या सर्किटमध्येच होते. त्यामुळे गेम आणि यंत्र वेगळे काढताच येत नव्हते. १९७६ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीचा चॅनल एफ आला. जेरी लॉसन यांच्या देखरेखीखाली तिथे गेम वेगळ्या डबीत, म्हणजे आपण जिला पुढे कॅसेट म्हणू लागलो तिच्यात, गेला. पुढच्या वर्षी अटारीचा व्हीसीएस आला आणि हीच पद्धत रूढ झाली. यंत्र एकदा घ्यायचं, कॅसेटी घेत राहायच्या.

१९८० मध्ये अटारीने जपानच्या टाइटो कंपनीकडून ‘स्पेस इनव्हेडर्स’चा परवाना घेतला. हा गेम तोवर नाणं टाकून बाहेर खेळायचा होता. तो घरच्या टीव्हीवर खेळता येतो म्हणून लोक व्हीसीएस विकत घेऊ लागले आणि यंत्राची विक्री कित्येक पटींनी वाढली. एका गेमने यंत्र विकलं जातं हे धंद्याला इथे पहिल्यांदा नीट कळलं.

पण लक्षात घ्या, अटारीच्या यंत्राला कुलूप नव्हतं. १९७९ मध्ये अटारीतलेच चार प्रोग्रॅमर बाहेर पडले, त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन कंपनी काढली आणि अटारीच्या यंत्रासाठी स्वतःच्या कॅसेटी विकू लागले. अटारीने खटला भरला. तो १९८२ मध्ये मिटला, आणि रॉयल्टी देऊन बाहेरच्या कंपन्यांनी गेम विकायची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी कोलेकोव्हिजन नावाचा प्रतिस्पर्धी कन्सोल ‘डाँकी काँग’ सोबत देऊन बाजारात आला, आणि त्याला एक जोड मिळायची, जी लावली की अटारीच्या कॅसेटीही चालायच्या! म्हणजे ‘फक्त इथेच’ हे तेव्हा कुणाला म्हणताच येत नव्हतं. गिऱ्हाइकाची चैन होती. पण कुणीही काहीही विकू शकत होतं, म्हणून दुकानं टाकाऊ कॅसेटींनी भरली, आणि १९८३ ते १९८५ या काळात अमेरिकेतला घरगुती गेमचा काही अब्ज डॉलरचा बाजार जवळजवळ नाहीसा झाला. न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामगॉर्डो गावाजवळ खड्ड्यात पुरला गेला. २०१४ मध्ये तो खड्डा उकरला, तेव्हा कॅसेटी खरोखरच सापडल्या.

या पडझडीतून निन्टेन्डोने जो धडा घेतला, त्यावर आजचा सगळा धंदा उभा आहे. १९८५ मध्ये निन्टेन्डोचा एनईएस अमेरिकेत आला तेव्हा त्यात एक छोटी चिप होती. तशीच चिप कॅसेटमध्ये असली तरच यंत्र चालू राहायचं. चिप निन्टेन्डोकडेच, त्यामुळे कॅसेट निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची. शिवाय करार असा की बाहेरच्या कंपनीने वर्षाला पाचच गेम काढायचे, आणि ते दोन वर्षं दुसऱ्या कोणत्याही कन्सोलवर द्यायचे नाहीत. कारण सांगितलं गेलं दर्जाचं, आणि नुकताच झालेला विचका पाहता ते अगदीच खोटं नव्हतं. पण परिणाम असा झाला की ‘फक्त इथेच’चा अर्थ बदलला. गेम दुसरीकडे चालणं अवघड होतं म्हणून तो दुसरीकडे नव्हता, असं आता राहिलं नाही. त्याला जायची परवानगी नव्हती. स्पर्धाविरोधी वर्तनाबद्दल सरकारी चौकशीचा दबाव वाढला, तेव्हा १९९० मध्ये निन्टेन्डोने ती दोन वर्षांची अट सोडली.

इथे आपल्याकडचा एक दुवा आहे. तुमच्यापैकी जे नव्वदच्या दशकात लहान होते त्यांना ‘टीव्ही गेम’ आठवत असेल. करड्या-पांढऱ्या रंगाचं हलकं यंत्र, ‘९९९ इन १’ लिहिलेली पिवळी किंवा काळी कॅसेट, आणि त्यात मारिओ, काँट्रा, बाँबरमॅन. ही यंत्रं निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी कन्सोलच्या नकला होत्या. फॅमिकॉम १९८३ चा, बाजार कोसळायच्या आधी आखलेला, आणि त्याच्यात ती कुलपाची चिप नव्हतीच! अमेरिकी यंत्रात ती नंतर आली. म्हणून आशियाभर फॅमिकॉमच्या नकला निघाल्या आणि त्यांच्या कॅसेटी एकमेकींत चालल्या. सोलापुरातल्या मुलाने नागपूरच्या मामेभावाची कॅसेट आणली तर ती लागायची. यंत्र कोणत्या नावाचं आहे याने फरक पडत नसे, फार तर कॅसेटवर फुंकर मारावी लागे. त्यामुळे आपल्याकडची एक अख्खी पिढी ‘एक्सक्लुझिव्ह’ हा शब्द न ऐकता वाढली. पुढे प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स घरात आले तेव्हा ‘हा गेम त्याच्यावर का नाही चालत?’ हा प्रश्न इथल्या पालकांना विचित्र वाटला, तो उगाच नाही.

आता पुढे जाऊ. एखाद्या गेमसाठी यंत्र घेणं खरोखर योग्य ठरलं अशी उदाहरणं इतिहासात आहेत का? आहेत, आणि ती कोणती हे बघणं महत्त्वाचं आहे.

पहिलं १९८९ चं. निन्टेन्डोचा गेम बॉय, खिशात मावणारा, पडदा हिरवट, एकरंगी. अमेरिकेत त्याच्यासोबत काय द्यायचं? मारिओ द्यायचा विचार होता. हेन्क रॉजर्स या परवाने मिळवणाऱ्या माणसाने निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या प्रमुखांना पटवलं की मारिओ दिलात तर मुलं घेतील, टेट्रिस दिलात तर सगळेच घेतील. टेट्रिस मॉस्कोतल्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये बनवलेला. तो संगणकांवर आधीच होता, म्हणजे कडक अर्थाने तो एक्सक्लुझिव्ह नव्हताच. निन्टेन्डोकडे होते ते हातातल्या यंत्रासाठीचे हक्क. पण त्या छोट्या, रंग नसलेल्या पडद्यासाठी आणि बसमधल्या दहा मिनिटांसाठी त्याहून योग्य खेळ सापडला नसता. यंत्र आणि खेळ एकमेकांचे होते.

दुसरं १९९६ चं. निन्टेन्डो ६४ आणि ‘सुपर मारिओ ६४’. कंट्रोलरवरची ती छोटी काठी किती ढकलाल त्यावर मारिओ हळू चालतो किंवा पळतो. त्रिमितीत मोकळं फिरणं म्हणजे काय हे त्या एका गेमने शिकवलं, आणि ते त्या कंट्रोलरशिवाय तसं झालं नसतं. तिसरं २००६ चं, ‘वी स्पोर्ट्स’. हातातला रिमोट फिरवून टेनिस खेळायचा. जपान आणि दक्षिण कोरिया सोडून जवळपास सगळीकडे तो यंत्रासोबतच मिळाला, आणि ज्या आजी-आजोबांनी कधी कंट्रोलर हातात धरला नव्हता ते खेळू लागले.

या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. गेम ‘फक्त इथेच’ का, या प्रश्नाचं उत्तर यंत्राकडे बोट दाखवून देता येतं. ते यंत्रच नवं काहीतरी करत होतं. आणि त्यातल्या दोन ठिकाणी तो गेम वेगळा विकतही घ्यावा लागला नाही.

आता याच्या बरोबर मधलं उदाहरण घेऊ, कारण तिथे गोम आहे. ‘फायनल फँटसी ७’. आधीचे सहा भाग निन्टेन्डोवर आले होते. पण निन्टेन्डो ६४ कॅसेटीवरच राहिला. सुरुवातीच्या कॅसेटीत ८ मेगाबाइट मावायचे, पुढे फार तर ६४. प्लेस्टेशनच्या एका सीडीत साडेसहाशेच्या आसपास. स्क्वेअर कंपनीला चित्रफितींनी भरलेला भव्य गेम करायचा होता, तो तीन सीड्यांवर गेला. म्हणून ते सोनीकडे वळले. जानेवारी १९९७ मध्ये गेम जपानात निघाला, आणि प्लेस्टेशन पुढे १० कोटींवर गेला, निन्टेन्डो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास थांबला. केवळ एका गेममुळे असं झालं म्हणणं चूक होईल, पण कल कुठे आहे हे त्या गेमने सगळ्यांना दाखवलं.

हे सगळं बहुतेक जण सांगतात. सहसा सांगितलं जात नाही ते असं, की हाच गेम १९९८ मध्ये विंडोजवर आला. पुढच्याच वर्षी! आणि २०१९ मध्ये तो निन्टेन्डोच्या स्विचवरही आला. निन्टेन्डोवर तो येणार नाही हे जितकं पक्कं वाटत होतं, तितकंच ते पक्कं नव्हतं. बावीस वर्षं लागली, हे खरं. पण अडथळा सीडीच्या जागेचा होता, आणि जागेचे अडथळे टिकत नाहीत.

२००१ हे वर्ष या कथेत फार महत्त्वाचं. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या.

पहिली जानेवारीअखेरची. सेगाने जाहीर केलं की आपण यापुढे कन्सोल बनवणार नाही. ‘सोनिक’ म्हणजे सेगाची ओळख. १९९१ पासून निन्टेन्डोच्या मारिओविरुद्ध उभा केलेला निळा हेजहॉग, आणि कित्येकांनी त्याच्यासाठीच सेगाचं यंत्र घेतलेलं. त्याच २००१ च्या डिसेंबरात सोनिक निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर पळत होता. ‘शेनमू’ या गेमसाठी ज्यांनी सेगाचा ड्रीमकास्ट घेतला, त्यांच्या हातात दोन वर्षांत बंद पडलेल्या कंपनीशाखेचं यंत्र उरलं, आणि शेनमू २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स आणि पीसीवर आला.

दुसरी गोष्ट ऑक्टोबरमधली. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ आधी फक्त पीएस२ वर आला, आणि २००३ मध्ये एक्सबॉक्सवर. इथे ‘फक्त इथेच’चा अर्थ झाला ‘तूर्त इथेच’.

तिसरी नोव्हेंबरमधली. मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स आणि सोबत ‘हेलो’. आता ऐका, हेलो पहिल्यांदा लोकांना दाखवला तो १९९९ मध्ये अ‍ॅपलच्या मॅकवर्ल्ड कार्यक्रमात, स्टीव्ह जॉब्जच्या मंचावर. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंजी कंपनीच विकत घेतली. मॅकसाठी घडत असलेला गेम एक्सबॉक्सचा झाला, यात यंत्राच्या गुणाचा भाग किती आणि चेकबुकाचा किती, हे तुम्हीच ठरवा. २००३ मध्ये तो मॅक आणि विंडोजवर आला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं की त्याची नवी आवृत्ती २०२६ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन ५ वर येणार. एक्सबॉक्स म्हणजे हेलो असं ज्यांनी पंचवीस वर्षं मानलं, त्यांच्यासाठी हे किल्ला न लढता शत्रूच्या स्वाधीन करण्यासारखं होतं.

कंपन्या हे का करतात, तेही बघू. कन्सोलच्या धंद्यात नवं यंत्र पुष्कळदा बनवण्याच्या खर्चापेक्षा कमी भावात विकतात. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ चं महागडं मॉडेल अमेरिकेत ५९९ डॉलरला होतं, लोक महाग म्हणून ओरडत होते, आणि सोनीला त्यातही तोटा होत होता. भरपाई कुठून होते? तुम्ही त्या यंत्रावर पुढे जे इतर गेम घेता त्यांतून. बाहेरच्या कंपनीच्या प्रत्येक गेममागे यंत्रवाल्याला वाटा मिळतो, आणि ऑनलाइन दुकानात तो साधारण तीस टक्के असतो. म्हणजे एक्सक्लुझिव्ह गेम हे दुकानाच्या दारातलं तोरण. ते बघून तुम्ही आत येता, आणि दुकानदाराची कमाई आतल्या मालावर होते. कंपनीचा हिशेब असा आहे तर गिऱ्हाइकानेही हिशेब तसाच करावा, असं माझं म्हणणं आहे. तोरण कितीही छान असो, आतून मी काय आणि किती घेणार आहे?

या दृष्टीने सगळ्यात बोलकं उदाहरण वी यू या निन्टेन्डोच्या कन्सोलचं. तो २०१२ मध्ये आला आणि एकूण १ कोटी ३५ लाखांच्या आसपास खपला, म्हणजे निन्टेन्डोच्या मानाने पडलाच. पण त्यावरचे गेम वाईट नव्हते! ‘मारिओ कार्ट ८’ त्यावरच २०१४ मध्ये आला आणि ८० लाखांहून जास्त विकला गेला. मग २०१७ मध्ये तोच गेम, थोडी भर घालून, नव्या स्विचवर आला आणि ६ कोटींच्या वर गेला. ‘झेल्डा’चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ तर वी यू आणि स्विच दोन्हींवर एकाच दिवशी, ३ मार्च २०१७ ला निघाला. ज्यांनी मारिओ कार्टसाठी वी यू घेतला त्यांना तीन वर्षं खेळायला मिळालं हे खरं. पण मार्च २०२३ मध्ये वी यूचं ऑनलाइन दुकान बंद झालं आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याची ऑनलाइन सेवाही संपली. त्यांनी विकत घेतलेला तोच गेम आज इंटरनेटवरून मित्रांशी खेळायचा तर पुन्हा, दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्यांदा पैसे भरून घ्यावा लागतो.

आता सध्याच्या काळाकडे येतो. गेल्या पाच-सहा वर्षांत भिंती पडायला लागल्या. सोनीचा ‘होरायझन झीरो डॉन’ २०१७ मध्ये पीएस४ वर आला आणि ऑगस्ट २०२० मध्ये पीसीवर. ‘गॉड ऑफ वॉर’ २०१८ चा, पीसीवर जानेवारी २०२२. ‘स्पायडर-मॅन’ २०१८ चा, पीसीवर ऑगस्ट २०२२. म्हणजे थांबणाऱ्याला साधारण साडेतीन-चार वर्षं. ‘हेलडायव्हर्स २’ तर फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएस५ आणि पीसीवर एकाच दिवशी आला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये चक्क एक्सबॉक्सवर. मायक्रोसॉफ्टनेही २०२४ च्या सुरुवातीला आपले चार गेम प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवर द्यायचं ठरवलं, आणि मग दार उघडतच गेलं.

हा काही मनाचा मोठेपणा नव्हे. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या अमेरिकेतल्या खटल्यात सोनीची काही कागदपत्रं दाखल झाली. त्यांतले गोपनीय आकडे काळ्या शाईने नीट झाकले गेले नव्हते, म्हणून जगाला कळलं की ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ बनवायला सुमारे २२ कोटी डॉलर आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला सुमारे २१ कोटी डॉलर लागले. इतका पैसा एकाच यंत्राच्या गिऱ्हाइकांकडून वसूल करणं जड जातं. अ‍ॅक्टिव्हिजन, तीच १९७९ ची, मायक्रोसॉफ्टने सुमारे ६९ अब्ज डॉलरला घेतली, आणि सरकारी यंत्रणांना समजावण्यासाठी ‘कॉल ऑफ ड्यूटी’ दहा वर्षं इतरांनाही देऊ असे करार तिला करावे लागले. अटारीतून फुटून निघालेल्या कंपनीची ही गोष्ट अशी गोल फिरून कुलपापाशीच आली.

मग थांबलं की सगळं मिळतं का? नाही. ‘ब्लडबोर्न’ घ्या. मार्च २०१५ मध्ये पीएस४ वर आला. ज्यांनी ‘पीसीवर येईल तेव्हा खेळू’ म्हटलं, ते दहा वर्षांनंतरही वाटच बघत होते. पीएस५ वर तो चालतो, कारण पीएस५ जवळपास सगळे पीएस४ गेम घेतो, पण सोनीच्या बाहेर तो गेला नाही. आणि निन्टेन्डो आपले मारिओ, झेल्डा दुसऱ्याच्या कन्सोलवर देत नाही. जून २०२५ मध्ये स्विच २ अमेरिकेत ४४९ डॉलर ९९ सेंटला आला, त्यावरचा ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ सुटा घेतला तर ७९ डॉलर ९९ सेंट, तरी पहिल्या चार दिवसांत जगभर ३५ लाखांहून जास्त यंत्रं खपली. ‘फक्त इथेच’ हे शब्द आज निन्टेन्डोइतके खरे दुसऱ्या कुणाचेच नाहीत.

थांबण्याबद्दल आणखी एक गोष्ट बदललीय, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पूर्वी थांबणाऱ्याचा दुहेरी फायदा व्हायचा. पीएस२ अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरला आला, २००२ मध्ये १९९ झाला, २००९ मध्ये ९९. तोवर गेमही शेकडो जमले, आणि स्वस्त झाले. थोरली मंडळी अजून सांगतात, ‘दोन वर्षं थांब, भाव उतरेल’. या पिढीत उलट झालं. भारतात पीएस५ ची किंमत वाढलेली मी सुरुवातीलाच सांगितली. अमेरिकेत २०२५ मध्ये प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि जुना स्विच, तिन्हींच्या किमती वाढल्या. त्यामुळे भाव उतरण्यासाठी थांबा हा सल्ला आता डोळे मिटून देता येत नाही. पण गेम जमण्यासाठी थांबा, हा सल्ला अजून खरा आहे.

त्याचा हिशेब साधा आहे. ५४,९९० ला त्या यंत्रावर तुम्ही खरोखर खेळाल, आणि जे तुमच्याकडच्या पीसीवर किंवा जुन्या कन्सोलवर मिळत नाहीत, अशा गेमच्या संख्येने भागा. एकच गेम असेल तर गेममागे ५४,९९०. पाच असतील तर १०,९९८. दहा असतील तर साडेपाच हजार, म्हणजे जवळपास गेमच्या किमतीइतकेच. कुठे थांबायचं हे तुमच्या खिशावर आहे, पण ‘एक’ या आकड्यावर हिशेब जुळलेला मला इतिहासात क्वचितच दिसतो. जुळला तो बहुधा तिथे, जिथे यंत्रच नवीन खेळ शिकवत होतं.

आता पैशापलीकडचं थोडं. एकाच यंत्राला बांधलेला गेम त्या यंत्राबरोबर मरतो. २००९ मध्ये हैदराबादच्या एका कंपनीने पीएस२ साठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ बनवला. पूर्णपणे भारतात बनलेला पहिला कन्सोल गेम म्हणून तेव्हा त्याचं कौतुक झालं. खेळ म्हणून तो फार चांगला होता असं नाही, पण आपल्याकडच्या या कलेच्या इतिहासातलं ते पहिलं पान आहे. आज तो खेळायचा तर जुना पीएस२ आणि जुनी डिस्क शोधत लॅमिंग्टन रोडला किंवा कुणाच्या माळ्यावर जावं लागेल. जगभर हेच आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत आढळलं की २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कायदेशीरपणे विकत मिळत नाहीत. फक्त एक्सक्लुझिव्हपणा हे याचं कारण नाही, पण जो गेम दोन-तीन यंत्रांवर गेला त्याची जगण्याची शक्यता जास्त, हे उघड आहे. शेनमू आज खेळता येतो तो ड्रीमकास्टच्या बाहेर पडला म्हणून.

म्हणून ‘फक्त इथेच’ हे शब्द दिसले की तीन प्रश्न विचारावेत असं मी सुचवतो. हा गेम इथेच का आहे, यंत्रामुळे की करारामुळे? करारामुळे असेल तर याच कंपनीचे मागचे गेम किती वर्षांनी बाहेर पडले? आणि तो संपवल्यावर मी या यंत्रावर दुसरं काय खेळणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटकन सुचत नसेल, तर यंत्र घ्यायची वेळ आलेली नाही.

मागच्या रांगेतून एका ताईंची चिठ्ठी आलीय, ती वाचतो. ‘मुलगा बारावीला आहे, एका गेमसाठी कन्सोल हवा म्हणून हट्ट धरून बसलाय, सगळ्या मित्रांकडे आहे म्हणतो. काय करू?’

ताई, चिठ्ठीतला शेवटचा मुद्दा मी पहिला घेईन. मित्रांकडे कोणता कन्सोल आहे, हे कारण मला गेमपेक्षाही सबळ वाटतं. मित्रांसोबत खेळायचा गेम असेल तर तो चार वर्षांनी पीसीवर येऊन उपयोग नाही, तोवर मित्रच पांगलेले असतील. एकट्याने खेळायचा, कथेचा गेम असेल तर तो चार वर्षांनीही तितकाच चांगला असतो. त्याला एवढंच विचारा की हा एकट्याचा गेम आहे की चौघांचा. आणि एका कागदावर त्या यंत्रावरचे पाच गेम लिहून मागा. लिहिले तर बोलणं पुढे न्या, नाही लिहिले तर बारावीची परीक्षा होऊ द्या. आणि घ्यायचंच ठरलं तर डिस्कवालं मॉडेल बघा, म्हणजे खेळून झालेला गेम विकता येतो, मित्रांत फिरवता येतो, आपल्या त्या कॅसेटींसारखा.

वेळ संपलीय, थांबतो.